साचा फोडायची वेळ

पोरगं बापासारखं चालायला-बोलायला लागलं की गावात म्हणतात, "अगदी बापाच्या साच्यातनं काढलंय." पण साचा म्हणजे नेमकं काय, हे मला हुपरीकडं चांदीचं ओतकाम बघितल्यावर उमगलं.

तिथं साचे दोन. पहिला रबराचा. मूळ दागिना रबरात दाबून तापवतात, मग रबर चिरून दागिना काढून घेतात. आत राहिलेल्या पोकळीत पातळ मेण भरलं की मेणाचा हुबेहूब दागिना मिळतो. एका रबरातनं असे शेकडो निघतात. ते मेणाच्याच दांड्याला फांद्यांसारखे चिकटवायचे, की झालं झाड. झाडाचं वजन करतात. एका ग्रॅम मेणाला 10-11 ग्रॅम चांदी, असा हिशेब.

दुसरा साचा प्लास्टरचा. झाड पोलादी नळकांड्यात उभं करून वरून प्लास्टरचा काला ओततात आणि यंत्रानं त्यातली हवा ओढून घेतात. मेणाला एक बुडबुडा चिकटून राहिला तरी चांदीवर पुळी उठते. मेणावर उमटलेला बोटाचा ठसाही चांदीत उतरतो. साचा बरं-वाईट निवडत नाही. प्लास्टर घट्ट झालं की नळकांडं भट्टीत उपडं ठेवून तासन्‌तास हळूहळू तापवतात, 700 अंशांच्या वर. मेण वितळून गळतं, उरलंसुरलं जळतं. घाई केली तर साचा तडकतो. मग त्या पोकळीत चांदी ओततात. ती वितळायलाच 961 अंश लागतात. चांदी गोठली की गरम नळकांडं पाण्यात. प्लास्टर फुटून जातं, चांदीचं झाड हाती येतं.

मोहेंजोदडोची नर्तकी याच रीतीनं ओतलेली. बस्तरचे घडवा कारागीर आजही मातीचा साचा फोडूनच मूर्ती बाहेर काढतात.

मग बापानं कुठला साचा व्हावं? रबराचा साचा मोडत नाही, तेच तेच काढत राहतो. आमच्या घरांतून तोच लागतो. आज्यानं ऊस लावला, बापानं ऊस लावला, पोरानंही ऊसच लावायचा. प्लास्टरचं वेगळं. धगधगती चांदी आत असते तोवर ते तसूभर हलत नाही, आणि काम झालं की अडून बसत नाही. म्हणून पोरांना मोकळं सोडा, धाक नको, म्हणणारेही मला पटत नाहीत. उकळत्या वयात साचा ढिला पडला तर चांदी वाहून जाणार. पण गोठल्यावरही साचा फुटेना, तर दागिना आतच राहिला की!

पन्नाशीचा मुलगा सगळं रान कसतो, पण सातबारा ऐंशीच्या बापाच्या नावावर. सोसायटीच्या कर्जाला सही बापाची, ड्रीप करायचं तर परवानगी बापाची. त्या मुलाला कर्ता कोण म्हणणार?

म्हाताऱ्यांची भीतीही खोटी नाही. जमीन नावावर करून दिली आणि ताट पाळीनं या सुनेकडनं त्या सुनेकडं फिरायला लागलं, असं आम्ही बघितलंय. 2007 च्या कायद्यानं, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली जमीन न सांभाळल्यास परत मिळवता येते. अट मात्र कागदावर घालून घ्यावी. कायद्यानं जमीन मिळेल, गेलेली माया मिळायची नाही.

इथं साच्याची उपमा संपते. फुटलेलं प्लास्टर उकिरड्यावर जातं. बाप उकिरड्यावर टाकायचा नसतो. चांदीवर साच्याचं ऋण नसतं, लेकरावर असतं. पण ते ऋण लेकरानं मानायचं आहे. ते मानेल का, या भीतीनं बापानं साचा आवळून धरू नये.

माझी साठी उलटली. यंदा वाटणीचा कागद करतोय. विहिरीजवळचं एक एकर आम्हा दोघा म्हातारा-म्हातारीला हयातीपुरतं, बाकीचं पोरांच्या नावावर. थोरला उसाऐवजी हळद लावायची म्हणतोय. मला ते पटलेलं नाही. पण रान त्याचं आहे.