पवित्र हृदयाची भक्ती आणि आपले हृदय



आपल्या बहुतेक घरांत दर्शनी भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर असते. तिच्यासमोर लहानसा लाल दिवा, आणि रात्री तिच्यापुढेच कुटुंबाची जपमाळ. सतराव्या शतकात फ्रान्समधील पारे-ल-मोनियाल येथील संत मार्गारेट मेरी अलाकोक यांच्यामुळे ही भक्ती पसरली. नऊ पहिल्या शुक्रवारांची प्रथाही त्यांच्याशीच जोडलेली आहे. पोप फ्रान्सिस यांनी २४ ऑक्टोबर २०२४ रोजी 'दिलेक्सित नोस' हे परिपत्रक याच पवित्र हृदयावर प्रसिद्ध केले. मात्र त्या तसबिरीखाली बसून जेवणाऱ्या घरधन्याच्या हृदयाची विचारपूस सहसा कोणी करीत नाही.

चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाची शवपेटी वेदीसमोर येते, तेव्हा मागच्या बाकावर कुजबुज होते, "देवाची इच्छा, दुसरे काय?" खरेच का? मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि खाली उडी टाकायला सांगतो. देवदूत झेलतील, अशी ग्वाहीही देतो. येशू उडी टाकत नाही. देवाची परीक्षा पाहायची नसते, हे तो जाणतो. रक्तदाबाची गोळी मनानेच बंद करून नोव्हेनावर भिस्त ठेवणे ही त्याच शिखरावरची उडी आहे.

पण कोणी चुकीचा अर्थ काढू नये. काहींना हा आजार आईवडिलांकडून येतो, काहींना सर्व पथ्ये पाळूनही येतो. ज्या भगिनीचा नवरा असा गेला तिने स्वतःला दोष देऊ नये, आणि शेजाऱ्यांनी तर मुळीच देऊ नये.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' या अभ्यासात ५२ देशांतील रुग्णांची माहिती घेतली होती. पहिल्या झटक्याचा सुमारे ९० टक्के धोका नऊ गोष्टींशी निगडित आढळला. धूम्रपान, रक्तातील चरबी, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरील ताण, फळे-भाज्यांचे प्रमाण, व्यायाम आणि मद्य, अशा त्या नऊ. त्याच अभ्यासात असेही दिसले की, दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी, वयाच्या ५३व्या वर्षाच्या सुमारास येतो. म्हणजे मुलांची शिक्षणे आणि लग्ने अजून व्हायची असतात तेव्हा.

वसईतले आपले आजोबा सुके बोंबील खात, सणाला इंद्याल आणि फुगेही खात. पण ते पहाटेपासून वाडीत राबत, केळीला पाणी देत, बाजाराला चालत जात. आपण त्यांचे ताट ठेवले आणि त्यांचे कष्ट तेवढे सोडले. विरार लोकलने जायचे, दिवसभर खुर्चीत बसायचे आणि रात्री दहाला भरपेट जेवायचे! जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम सांगते आणि दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे लहान चमचाभरही नाही. खारवलेली मासळी, लोणचे आणि पापड एकाच ताटात आले, तर हिशेब तुम्हीच करा. मिस्सेला चालत येणे ज्यांना शक्य आहे त्यांनी रिक्षा सोडली तरी सुरुवात होईल.

तंबाखूबद्दल मात्र सौम्य बोलण्यात अर्थ नाही. विडी-सिगारेट सोडल्यावर साधारण वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर येतो. आपल्या काही मावश्या-काकी मशेरीला तंबाखू मानीतच नाहीत. पण तिच्यातही निकोटीनच असते. प्रायश्चित्तकाळात चाळीस दिवस तंबाखू सोडणारी माणसे ईस्टरच्या सकाळी पुन्हा हातावर चुना मळतात, याचे मला नेहमी नवल वाटते. सर्वांत कठीण दिवस तर त्यांनी काढलेलेच असतात!

द्राक्षारसाचा विषय निघाला की लोक संत पौलाने तीमथ्याला दिलेला सल्ला पुढे करतात. तो सल्ला पोटाच्या दुखण्यासाठी आणि थोडक्या द्राक्षारसाचा होता, लग्नातल्या बाटल्यांचा नव्हे. माफक मद्याचा हृदयाला फायदा होतो, असे 'इंटरहार्ट'मध्ये दिसले होते. परंतु मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथही (क्र. २२९०) अन्न, मद्य, तंबाखू आणि औषधे यांचा अतिरेक टाळायला सांगतो.

नऊ शुक्रवार पाळणाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते. पहिल्या शुक्रवारी मिस्सेनंतर रक्तदाब मोजून घ्या, दुसऱ्या वेळी साखर, मग चरबीची तपासणी. बेनसिराच्या ग्रंथाच्या ३८व्या अध्यायात वैद्याचा मान राखायला सांगितले आहे. वैद्यालाही देवानेच निर्माण केले आहे.

आणि छातीत दाब आला, दरदरून घाम फुटला, वेदना डाव्या हातात किंवा जबड्यात उतरली, तर "गॅस झाला असेल" म्हणून सोडा पीत बसू नका. स्त्रियांना आणि मधुमेहींना कधी नुसती धाप लागते किंवा मळमळते. रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की हृदयाचा स्नायू मिनिटागणिक मरू लागतो. १०८ ला फोन करा. हे मिस्सेच्या मध्ये घडले, तरी संकोचाने बसून राहू नका, शेजारच्याला सांगा. आजारी माणसाला रविवारच्या मिस्सेचे बंधन नसते, आणि माझे प्रवचन थांबले तर कोणाचे काही बिघडणार नाही.