काळजी नसावी

घर सोडून परमुलखात चाकरी करणाऱ्या माणसाला एका वाक्याची सवय झालेली असते : ‘इकडील काळजी नसावी.’ आमच्या वडिलांच्या पिढीने ते आंतर्देशीय पत्राच्या अखेरच्या ओळीत वाचले; आम्ही ते दूरध्वनीवर ऐकतो. कोलकात्याच्या एका केंद्रीय कार्यालयात गेली नऊ वर्षे कारकुनी करताना हे वाक्य किती वेळा कानी आले, याची मोजदाद नाही. पाच वर्षांपूर्वी वडील आजारी पडले तेव्हा ते सलग अठरा दिवस ऐकले. एकोणिसाव्या दिवशी हावडा स्थानकावर गाडीत चढलो, ते भेटीची वेळ टळली आहे हे जाणूनच. घरच्यांनी आम्हांस फसविले असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी माया केली. परंतु त्या मायेने आमचे अठरा दिवस हिरावून घेतले, हेही तितकेच खरे. दुसऱ्याचे मन शांत राखण्याचा आपणांस अधिकार किती, आणि ते कोणत्या मार्गाने राखावे, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात घर करून आहे.

तो पुन्हा जागा झाला एका दूरच्या वादळामुळे. आमच्या शेजारच्या टेबलावरील सहकारी सांगलीकडचे. त्यांची कन्या नोकरीनिमित्त बार्बेडोस बेटावर राहते. २०२४ च्या जूनअखेर ‘बेरिल’ नावाचे हरिकेन अटलांटिक महासागरावरून त्या बेटांच्या रोखाने निघाले. घरी दूरचित्रवाणीवर लालभडक भोवरा गरगरत होता आणि निवेदकाचा आवाज क्षणाक्षणाला चढत होता. कन्येने मात्र वडिलांच्या फोनवर एक मोफत अॅप घालून दिले होते. त्यात विशेषणे नव्हती, भोंगा नव्हता. वादळाचा केंद्रबिंदू कोठे आहे, आपल्या गावापासून किती दूर आहे, वारा किती वेगाचा संभवतो आणि पुढचे निवेदन केव्हा येईल, एवढेच तेथे साध्या अक्षरांत लिहिलेले असे. अमेरिकेचे राष्ट्रीय हरिकेन केंद्र अशी निवेदने दर सहा तासांनी काढते. धोका किनाऱ्याजवळ आला की दर तीन तासांनी. सोमवारी, १ जुलै रोजी, आमच्या सहकाऱ्यांनी दुपारी अडीचला फोन पाहिला, साडेपाचला पाहिला, आणि मधल्या वेळात फायलीवर टिपण लिहिले. रात्री साडेआठच्या सुमारास वादळ ग्रेनेडाच्या कॅरियाकू बेटावर ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाने आदळले. बार्बेडोस केंद्राच्या तडाख्यातून वाचले. तेथील कोळ्यांच्या कितीतरी होड्या मात्र फुटल्या.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी एका मित्राने आक्षेप घेतला : “एवढे संकट दाराशी आणि माणसे शांत? ही शांती नव्हे, यंत्राने पाजलेली अफू होय!” हा आक्षेप हसून सोडण्याजोगा नाही. भय ही निसर्गाने दिलेली देणगी आहे. जो भीत नाही तो घर सोडत नाही, आणि घर न सोडणारा बुडतो. मग भय शमविणारे साधन हे उपकारक कसे मानावे?

याचे उत्तर शोधताना आम्हांस १९०० सालची गॅल्व्हेस्टनची कथा आठवते. गॅल्व्हेस्टन हे टेक्सासच्या किनाऱ्यालगतचे बेट. हवानातील बेलेन विद्यालयाच्या वेधशाळेत बेनितो व्हिन्येस या जेझुइट पाद्रीने हरिकेनच्या भाकिताचे शास्त्र १८७० पासून घडवीत आणले होते. त्याच्या पश्चात क्यूबातील जाणकारांना त्या वर्षीचे वादळ टेक्साससकडे वळेल अशी शंका होती. परंतु तेव्हा क्यूबा अमेरिकेच्या अमलाखाली होते, आणि क्यूबाच्या वादळविषयक तारा लोकांत विनाकारण घबराट पसरवितात म्हणून अमेरिकी हवामान खात्याने त्या बंद करविल्या होत्या. वॉशिंग्टनचा अंदाज वादळ फ्लोरिडाकडून ईशान्येस जाईल असा होता. ८ सप्टेंबरला समुद्र बेटावरून वाहिला. किमान सहा हजार माणसे मेली. तारा आल्या असत्या तर सर्व वाचले असते असे कोणी म्हणू नये. परंतु लोकांचे मन शांत राहावे म्हणून बातमी अडविणे म्हणजे काय, हे येथे स्वच्छ दिसते. ‘काळजी नसावी’ या वाक्याचे ते सरकारी रूप होते.

तेव्हा शांती दोन प्रकारची असते. एक झाकण्यातून येते, दुसरी कळण्यातून. पहिलीत सांगणारा ऐकणाऱ्याला मूल समजतो; दुसरीत तो त्याला बरोबरीचा मानतो. हरिकेनच्या नकाशावर वादळाच्या पुढे एक शंकूसारखी आकृती काढलेली असते. तिचा अर्थ वादळ एवढे मोठे आहे असा नव्हे. आजवरच्या चुकांच्या मापाने ती आखलेली असते : वादळाचा केंद्रबिंदू तिच्या आत राहण्याचा संभव सुमारे तीनांपैकी दोन वेळा, बाहेर जाण्याचा तीनांत एकदा. आपण किती वेळा चुकतो हे भाकीत करणारा स्वतःच जगापुढे मांडतो, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. आपल्या अज्ञानाची सीमा जो सांगतो त्याच्या ज्ञानावर विश्वास बसतो, आणि विश्वास बसला की मन आपोआप स्थिर होते.

आरडाओरड करणाऱ्याला हे साधत नाही. आम्ही कारकून मंडळी हे चांगले जाणतो. ज्या विभागात प्रत्येक फायलीवर ‘तातडीचे’ अशी चिठ्ठी लागते, तेथे एकही फाईल तातडीने हलत नाही. उलट, नेमक्या वेळी लागलेली एकच चिठ्ठी सर्वांना खुर्चीवरून उठविते. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा वादळाने बार्बुडा बेट उद्ध्वस्त केले. पाठोपाठ होसे येत आहे असे कळताच सारे रहिवासी अँटिग्वाला हलविण्यात आले. होसे बाजूने निघून गेले. म्हणून ती सूचना खोटी ठरली काय? मुळीच नाही. ती संभवाची सूचना होती, आणि संभव खराच होता.

आपल्या भाषेने यासाठी एक सुंदर शब्द जपून ठेवला आहे : सावधान. लग्नाच्या मांडवात अंतरपाटाआड उभ्या असलेल्या वधूवरांना तो ऐकवितात, तो त्यांना घाबरविण्यासाठी नव्हे. स-अवधान, म्हणजे अवधानासह, लक्ष देऊन उभे राहा, एवढेच त्याचे म्हणणे. भयाने थरथरणारा सावध नसतो, आणि निश्चिंत झोपलेलाही नसतो.

तरीही मित्राच्या आक्षेपात एक काटा उरतोच. शांतपणे वादळाची वाट पाहणे सिमेंटच्या छपराखाली जमते. पत्र्याखालच्या माणसाने ते अंतर मोजून करावे काय? पोर्तो रिकोत २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया वादळ आले. तेथील सरकारने मृतांचा आकडा कित्येक महिने ६४ असा ठेवला; पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये तो २,९७५ मान्य केला. वीज नाही, औषध नाही, रस्ता नाही, अशा अवस्थेत पुढच्या महिन्यांत माणसे गेली. त्यांचा धोका कोणत्याही नकाशावर भोवऱ्याच्या रूपाने दिसला नव्हता. म्हणून आमचे म्हणणे असे की, अॅप वादळाचे अंतर सांगू शकते, छपराची जबाबदारी घेऊ शकत नाही. ज्याला खरे सांगितले त्याला हातपाय हलविण्याचे साधनही द्यावे लागते. नाहीतर ते सांगणे निर्दय ठरते. आणि ६४ वरच थांबणारी नोंदवही तर ‘काळजी नसावी’ हेच वाक्य मेलेल्यांच्या वतीने लिहीत असते. नोंदवही हाती असलेल्या आपणां सर्वांनी हे विसरू नये.

येथे बंगालीत ‘हारिकेन’ म्हणजे कंदील. वाऱ्यातही न विझणारा. वादळाचे नाव दिव्याला मिळावे यात आम्हांस औचित्य दिसते. कंदील वारा थांबवीत नाही. पाऊल कोठे टाकावे एवढे दाखवितो.

हे सर्व लिहून झाल्यावर एक गोष्ट लपविणे योग्य होणार नाही. आमचा पुण्यास बदलीचा अर्ज गेल्या महिन्यात नामंजूर झाला. आई दर रविवारी विचारी, आणि आम्ही ‘होईल, काळजी करू नकोस’ असे सांगत असू. गेल्या रविवारी तिला खरे सांगितले : दोन वर्षे तरी येणे नाही, पुढचा अर्ज अमुक महिन्यात करता येईल, दिवाळीची रजा मात्र मंजूर आहे. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बरं झालं सांगितलंस. आता मला माळ्यावरची कौलं यंदाच शाकारून घेता येतील. तुझ्यासाठी ठेवली होती.”

दोन पावसाळे ती गळके छप्पर आमची वाट पाहत होती.