पोटात जागा असलेली वाघीण

डोळे मिटायची गरज नाही. समोर फक्त दोन रूळ आणा. गाडीची वाट बघू नका, घाई कसलीच नाही. आधी एक रिकामी वाघीण बघू.

मालगाडीची सपाट वाघीण आपण फाटकापाशी थांबून कितीदा पाहिली आहे. खाली चाकं, चाकांवर फळी, फळीवर माल. ही फळी रुळांपासून साधारण साडेतीन फूट उंच असते, कारण तिच्याखाली चाकांना जागा लागते. आता नजर हळूहळू टोकाकडून मध्याकडे न्या. मध्ये चाकं नाहीत. टोकांच्या दोन बोग्यांमध्ये, म्हणजे चाकांच्या चौकटींमध्ये, फळीच्या खाली, नुसती मोकळी हवा. वर्षानुवर्षं ही हवा मालासोबत हजारो मैल गेली. तिच्यापाशी जरा थांबा.

26 एप्रिल 1956 रोजी अमेरिकी वाहतूकदार माल्कम मॅक्लीन यांच्या ‘आयडियल एक्स’ या जहाजानं मालाच्या 58 पेट्या, म्हणजे कंटेनर, न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे नेल्या. पुढे जहाजांवर पेटीवर पेटी चढली. रुळांवर मात्र एकच थर. पेटी साडेआठ फूट उंच; दोन पेट्या म्हणजे सतरा, त्यात फळीचे साडेतीन मिळवा. साडेवीस. वर पूल आहेत, बोगदे आहेत, आणि एवढा उंच डोलारा वळणावर कलंडायचं भय आहे.

1977 साली अमेरिकेतल्या सदर्न पॅसिफिक रेल्वेनं एसीएफ या वाघिणी बांधणाऱ्या कंपनीबरोबर एक प्रायोगिक वाघीण उभी केली. तिची फळीच काढली. दोन बोग्यांच्या मधला भाग खाली उतरवला, रुळांपासून जेमतेम फूटभर वर. तिथे तयार झाली एक लांबट विहीर. मला हा विचार फार मोठा वाटतो. छत तिथंच राहिलं, पेटीही तीच राहिली. पायाखालची रिकामी जागा तेवढी कुणीतरी नीट पाहिली.

आता क्रेननं पहिली पेटी विहिरीत उतरताना बघा. जड पेटी खाली. भार रुळांच्या जवळ असला की गाडी स्थिर राहते. मग दुसरी, तिच्यावर. वरच्या पेटीचं सगळं वजन कुठून खाली जातं? पत्र्याच्या भिंतींवर ते जवळजवळ पडतच नाही. ते जातं चार कोपऱ्यांच्या खांबांतून. मन त्या एका कोपऱ्यावर ठेवा. वीस-पंचवीस टन माल आणि तळहाताएवढी टेकायची जागा.

त्या पहिल्या वाघिणीला वरची पेटी सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना उंच भिंती होत्या. त्यांचं वजन फुकट वाहावं लागे, आणि वर जास्त लांबीची पेटी बसत नसे. पुढच्या घडणींत भिंती गेल्या. दोन पेट्यांच्या कोपऱ्यांमध्ये फिरवून बसवायची लोखंडी कुलपं आली.

आणखी एक गोष्ट, ती सावकाश बघण्यासारखी आहे. 1981 मध्ये रुळांवर आलेल्या वाघिणी पाच-पाच विहिरींच्या होत्या. पाच सुट्या वाघिणींना दहा बोग्या लागल्या असत्या. इथे शेजारच्या दोन विहिरी एकाच बोगीवर टेकतात, म्हणून सहाच पुरतात. मधला सैलपणा गेला की गाडी सुटताना, थांबताना बसणारा धक्काही कमी होतो. आतल्या काचसामानाला हा फरक कळतो. 1984 मध्ये अमेरिकन प्रेसिडेंट लाइन्सनं अशा गाड्या लॉस एंजेलिसहून शिकागोकडे नियमित सोडल्या.

तरी डोंगर आडवे आलेच. साडेनऊ फुटी पेट्या आल्यावर दोन पेट्यांची गाडी वीस फुटांवर गेली. नॉरफोक बंदरापासून ओहायोकडे जाणाऱ्या मार्गावर 28 बोगदे तासून उंच करावे लागले. ते काम 2010 मध्ये संपलं.

आपल्याकडे गणित निराळं. ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर 1676 मिलिमीटर, म्हणून पाया ऐसपैस. इथे सपाट वाघिणीवरच दोन पेट्या चढतात, आणि विजेची तार सात मीटरहून वर नेली आहे. 7 जानेवारी 2021 रोजी न्यू अटेलीहून न्यू किशनगढकडे अशी दीड किलोमीटर लांबीची गाडी विजेवर धावली. याच मार्गाचं दुसरं टोक उरणच्या न्हावा-शेवा बंदराकडे येतं.

पण आपण विहिरीपाशीच परत येऊ. गाडी पोचली आहे. वरची पेटी गेली, खालचीही उचलली गेली. कठड्यावरून आत वाकून बघा. अशा पुष्कळ वाघिणींना सलग तळ नसतो. पेटीचे कोपरे टेकायला आधार, काही आडव्या पट्ट्या, बाकी उघडं. त्यातून स्लीपर दिसतात, तेलानं काळी पडलेली खडी दिसते, आणि खडीतून वर आलेलं थोडं गवत.