दामाजीपंतांचे कोठार कोणाचे?

गेल्या वर्षी चोपड्यास सप्ताहात आम्ही दामाजीपंतांचे आख्यान लावले. पंधराव्या शतकातला दुष्काळ, मंगळवेढ्यास बेदरच्या बादशहाची भरलेली कोठारे, दाराशी उपाशी लोक. पंतांनी कोठारे लुटविली; भरपाई पांडुरंगाने विठू महार होऊन केली. कथा रंगली. कीर्तन उतरल्यावर केळीच्या बागेत मजुरी करणाऱ्या एका बाईंनी विचारले, "महाराज, ते दाणे बादशहानं पेरले होते का हो?"

इतकी वर्षे पोथ्या घोकल्या, पण उत्तर सुचेना. आपले स्वत्व सोडून दुसऱ्याचे निर्माण करणे म्हणजे दान, अशी शास्त्राची व्याख्या. धान्य पंतांचे नव्हतेच, तर दान कसले? आता वाटते, घाम ज्यांचा, त्यांच्याकडे ते परत गेले, एवढेच. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले ११७ वे सूक्त एकट्याने खाणाऱ्यास पापच खाणारा म्हणते. तेथे सातबारा विचारलेला नाही.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांत माणशी महिन्याला ५ किलो धान्य हक्काचे केले. तरी आपण म्हणतो, "सरकारने दिले." अन् महाप्रसादाला आम्हीच अन्नदान म्हणतो! सप्ताहाची ज्वारी घरोघर मागून येते, पण ती कापायला पुष्कळदा सातपुड्यातून उतरलेले पावरा मजूर असतात. मग पंगतीत ते शेवटी का?

यंदाचे बोलावणे आले तेव्हा आम्ही बिदागीचे बोललो नाही. पहिली पंगत मजुरांची, एवढीच अट घातली. मंडळी अजून विचार करताहेत.