शेवट ठाऊक असताना

पानिपतावरची कादंबरी हाती घेणाऱ्या मराठी वाचकाला तिचा शेवट पहिले पान उघडण्याआधीच ठाऊक असतो. १४ जानेवारी १७६१ रोजी दिवस मावळेपर्यंत काय होऊन गेले, हे त्याच्या कानी लहानपणापासून पडलेले असते. आणि तरीही कुंजपुऱ्याच्या विजयाचे प्रकरण वाचताना त्याच्या मनात अशी एक वेडी आशा डोकावतेच, की भाऊसाहेब आता तरी वेळीच मागे वळतील आणि अब्दालीला बागपतपाशी यमुनेचा उतार मिळणार नाही. ज्या गोष्टीचे ज्ञान निश्चित आहे तिच्याविषयी आशा संभवत नाही, असे तर्कशास्त्र म्हणेल. परंतु वाचकाचे अंतःकरण तर्कशास्त्राच्या हुकमतीत नसते. गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुनाला जे दिसले, म्हणजे अजून जिवंत असलेले योद्धे काळाच्या मुखात शिरताना दिसले, तेच ऐतिहासिक कादंबरीच्या वाचकाला घरबसल्या दिसत असते. भेद इतकाच, की त्या दर्शनानंतर अर्जुनाला धनुष्य उचलावे लागले आणि वाचकाला केवळ पान उलटावे लागते. या वाचनात रमलेल्या माणसाला म्हणूनच एक प्रश्न सुटत नाही: ज्याला आपण प्रारब्ध म्हणतो ते त्या माणसांच्या आयुष्यात, ती आयुष्ये चालू असतानाच, वसत होते, की पुढे ज्याने त्यांची हकीकत सांगितली त्याच्या लेखणीतून ते मागाहून उतरले?

इंदुरात बसून हा प्रश्न विचारताना मल्हारराव होळकरांचे नाव टाळता येत नाही. १७५७ मध्ये दिल्ली मराठ्यांच्या हाती आली तेव्हा सापडलेल्या नजीबखानाची मल्हाररावांनी रदबदली केली आणि तो सुटला. चार वर्षांनी त्याच नजीबाने पानिपतावर दावा साधला. भाऊसाहेबांच्या बखरीपासून अलीकडच्या कादंबऱ्यांपर्यंत सर्वत्र ती रदबदली म्हणजे सर्वनाशाचे बीज ठरली आहे. परंतु ज्या दिवशी मल्हाररावांनी शब्द टाकला त्या दिवशी ती उत्तरेच्या राजकारणातील एक नित्याची तडजोड होती; पराभूत सरदाराला अभय देऊन पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून राखून ठेवणे ही त्या काळच्या मुत्सद्देगिरीतील रोजची बाब. परिणाम घडल्यावर कारण जन्माला आले, आणि बखरकाराने ते चार वर्षे मागे नेऊन पेरले. मल्हाररावांचे समर्थन करण्याचा हा खटाटोप नव्हे (इंदूरकराच्या तोंडी ते तसे वाटण्याचा संभव आहे, हे मी जाणून आहे). बीजातून वृक्ष होतो हे निर्विवाद असले, तरी वृक्ष पाहिल्यावाचून कोणते बीज कशाचे हे कोणी सांगत नाही, एवढेच माझे म्हणणे.

आपल्या कादंबरीकारांना मात्र बीज पेरतानाच वृक्ष दाखविण्याची घाई असते. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’तील माधवराव असोत किंवा ना. सं. इनामदारांच्या ‘झुंज’मधील यशवंतराव होळकर, त्या ग्रंथांचे सामर्थ्य मी मनापासून मानतो; १८०१ साली उज्जैनीस जय मिळविणाऱ्या यशवंतरावांचे इंदूर काही महिन्यांतच शिंद्यांच्या फौजेने जाळावे आणि पुढल्या वर्षी त्याच यशवंतरावांनी हडपसरास पेशव्यांचा पाडाव करावा, हे असे चरित्र आहे की त्यास कल्पनेचा आधार फारसा लागू नये. पण या परंपरेत जे दुय्यम लेखक निपजले त्यांच्या पानोपानी समया विझतात, टिटव्या ओरडतात, स्वारी निघताना मांजर आडवे जाते आणि मातोश्रींचा उजवा डोळा लवतो. कर्माला फळ असते हा सिद्धांत एका बाजूला राहतो आणि नियती नावाची एक कारकून बाई आधीच मोर्तब झालेला कागद घेऊन प्रत्येक प्रकरणाच्या दाराशी उभी राहते. मनुष्याने केलेली निवड मग निवड राहत नाही.

आत्मवृत्त या दोषापासून मुक्त असेल अशी अपेक्षा असते, आणि ती अर्धीच खरी ठरते. नाना फडणीसांनी आपल्या तारुण्याचा जो त्रोटक वृत्तांत लिहून ठेवला आहे तो ईश्वर आणि माया यांच्या चिंतनाने सुरू होतो, स्वतःच्या विषयवासनेची कबुली देतो आणि पानिपतावरून जीव घेऊन निघालेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हालअपेष्टांपाशी येतो. आई तेथेच अंतरली. सोबतचे लोक कापले गेले. आपण वाचलो ती ईश्वराची कृपा, असा त्यांचा भाव आहे. तो प्रामाणिक आहे यात शंका नाही. पण आत्मवृत्त लिहिण्यास मागे उरतो तो वाचलेलाच. ज्यांचा ईश्वरावर तितकाच विश्वास होता आणि जे त्या संध्याकाळी परतले नाहीत, त्यांची कैफियत कोणत्याच दप्तरात दाखल झाली नाही. म्हणून स्मरणग्रंथांतला ईश्वर नेहमी तारणारा दिसतो. न परतलेल्यांच्या वतीने बोलणे हे माझ्या मते ऐतिहासिक कादंबरीचे खरे कर्तव्य आहे, आणि ते बजावताना तिने त्यांना आपले मरण ठाऊक असलेली बाहुली बनवू नये, एवढीच मागणी.

या दोन्ही दोषांतून निसटलेले एक पुस्तक मराठीत आहे: वरसईच्या विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’. घरचे कर्ज फिटावे म्हणून बायजाबाई शिंद्यांच्या मथुरेच्या यज्ञाची दक्षिणा मिळवावयास हा भिक्षुक काकांसह १८५७ साली निघाला, सातपुड्याकडून माळव्यात येताना वाटेतल्या शिपायांकडून बंडाची वार्ता त्याला कळली, आणि झाशीच्या वेढ्यात तो सापडला. लिहिले सुमारे पंचवीस वर्षांनी. छापले चिंतामणराव वैद्यांनी, तेही १९०७ मध्ये आणि सरकारी रोष टाळण्याच्या बेताने फेरफार करून. मूळ लेखन दत्तो वामन पोतदारांनी प्रसिद्ध केले ते १९६६ साली. प्रारब्ध हा शब्द गोडशांच्या जिभेवर सदैव आहे, परंतु त्यांची नजर त्या शब्दाला जुमानत नाही. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी पठाणी वेषातली, धुळीने भरलेली, तहानेने व्याकूळ झालेली झाशीची राणी त्यांना भेटते. ते मडके दोरीला बांधून पाणी काढू लागतात, तर आपण विद्वान ब्राह्मण, आपण माझ्यासाठी पाणी काढू नये, म्हणून ती स्वतः दोरी हाती घेते. आणि विधवाधर्म बाजूस ठेवून आपण कोणत्या हेतूने या कर्मास प्रवृत्त झालो, हे दोन वाक्यांत सांगते. थोड्याच दिवसांनी, जून १८५८ मध्ये, ग्वाल्हेरीस तिचा अंत झाला, हे लिहिताना गोडशांना ठाऊक होते. तरीही त्या प्रसंगावर त्यांनी मृत्यूची छाया पाडलेली नाही. विहीर आहे, मडके आहे, आणि अजून काहीही ठरलेले नाही.

लोकमानसाला मात्र ठरलेलेच आवडते. राजवाड्यालगतच्या आडा बाजाराची आख्यायिका इंदुरात प्रत्येकाने ऐकलेली असते: मालेरावांच्या रथाखाली वासरू मेले, अहिल्याबाईंनी न्याय म्हणून पुत्राला त्याच मरणाची शिक्षा दिली, आणि गायच रथापुढे आडवी आली. सर जॉन माल्कमने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तांतात, अहिल्याबाईंना ओळखणाऱ्या माणसांकडे चौकशी करून, जे नोंदले आहे ते अगदी निराळे आहे: एका निरपराध कशिदाकाराला संशयावरून मारल्याच्या पश्चात्तापाने मालेराव भ्रमिष्ट झाले आणि नऊ महिन्यांच्या कारकिर्दीनंतर वारले; आईने मुलाचा घात केला हा प्रवाद त्याने निराधार ठरविला आहे. आजारी मुलाच्या उशाशी बसलेल्या आईपेक्षा न्यायासनावरची आई लोकांना अधिक पटते, कारण तिच्या कथेत पापाला तत्काळ फळ मिळते.

त्याच माल्कमने आणखी एक गोष्ट सांगितली आहे. एका ब्राह्मणाने अहिल्याबाईंच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला, आपण एक दुर्बळ, पापी स्त्री आहोत, या स्तुतीस पात्र नाही, असे म्हणून तो नर्मदेत टाकविला आणि ग्रंथकाराची पुन्हा दखल घेतली नाही. माल्कमला यात विनय दिसला, आणि तो असेलही. मला वाटते, पती, पुत्र आणि पुढे सती गेलेली कन्या यांचे मरण पाहिलेल्या त्या स्त्रीला, आपण जिवंत असताना आपल्या आयुष्याचा निकाल दुसऱ्याने लिहून आणावा हे रुचले नसावे. आज तिच्यावर कादंबऱ्या आहेत, चरित्रे आहेत, नाटके आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी मी वाचली आहेत. परंतु त्या सर्वांच्या बदल्यात मला त्या ब्राह्मणाचे चार पानांचे आत्मवृत्त मिळाले तर हवे आहे: ग्रंथाला त्याला किती दिवस लागले, दक्षिणेची आशा किती धरली होती, आणि महेश्वराहून घरी परतल्यावर त्याने बायकोला काय सांगितले.