वंशावळ कशासाठीं शोधावी?



लकडगंजांतील एका आरागिरणींत काम करणारा एक तरुण मागें आमच्याकडे आला. त्याची सोयरीक ठरत होती. मुलीकडच्यांनीं विचारिलें होतें, "तुमचें मूळ घराणें कोणतें?" म्हणून पणजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद त्यास पाहावयाची होती. जुन्या वहींत ती सांपडली. नांव एकेरी, आडनांव नाहीं. आणि धंद्याच्या रकान्यांत 'झाडूवाला' हा शब्द. त्याचें तोंड उतरलें. "पाळकसाहेब, तेवढा शब्द गाळून उतारा द्या," असें तो हळूच म्हणाला.

आम्हांस त्याचा राग आला नाहीं, कारण आम्ही त्याच वाटेनें गेलों आहों. आमचे आजे दुसऱ्याच्या शेतावर सालदार होते. सेमिनरींत असतां आमच्या आडनांवावरून सोबती आम्हांस उंच कुळांतले समजत, आणि आम्ही गप्प राहत असूं. खोटें बोललों नाहीं. पण आज्यांस नाकारिलें मात्र खरें.

आडनांवावरून कूळ किती कळतें, हें आधीं पाहूं. 'गंज' म्हणजे बाजार. लांकडाचा बाजार तें लकडगंज. पेठ आपला धंदा नांवांतच सांगते आणि तिला त्याची लाज वाटत नाहीं! माणसांचींही कित्येक नांवें अशींच आहेत. पौनीकर, उमरेडकर हीं गांवावरून. सुतार, पाटील, जोशी हीं कामावरून. मडावी, उईके हीं गोंडांच्या कुळांवरून. परंतु जाधव, पवार, गायकवाड हीं आडनांवें अनेक जातींत आढळतात. त्यांवरून जात ठरवूं जाणारा हटकून फसेल. शिवाय आडनांव बदलतें. डॉ. आंबेडकरांच्या घराण्याचें आडनांव सकपाळ, व गांव रत्नागिरी जिल्ह्यांतील आंबडवे. पण 7 नोव्हेंबर 1900 रोजीं साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरांत नोंद झाली ती 'भिवा रामजी आंबेडकर' अशी. अर्थात् नांव वाट दाखवितें. निकाल देत नाहीं.

म्हणून कागद पाहावे लागतात. आपल्या भागांत कोतवालाची जन्ममृत्यूची वही, जुन्या बंदोबस्ताची मिसल, शाळेचें दाखल-खारीज रजिस्टर, आणि मंडळीची बाप्तिस्म्याची वही, हीं चार ठिकाणें प्रथम धुंडाळावीं. जुनें लिखाण मोडींत असल्यास जाणत्याकडून वाचवून घ्यावें. एका कागदावर न विसंबतां दुसऱ्याशीं ताडून पाहावें, आणि घरांतील म्हाताऱ्या बायांना विचारण्यास विसरूं नये. तीर्थक्षेत्रींच्या उपाध्यांच्या नामावळींत थोरामोठ्यांच्या पिढ्या सांपडतात. ज्यांना देवळाची पायरीही चढूं देत नसत, त्यांचीं नांवें तेथें कोठून असणार? अशा पुष्कळांचें नांव मानानें लिहिलें गेलें तें बाप्तिस्म्याच्या वहींतच.

पवित्र शास्त्र याविषयीं काय शिकवितें? पौल तीमथ्यास न संपणाऱ्या वंशावळींच्या नादीं लागणाऱ्यांविषयीं सावध करितो. उलट एज्राच्या ग्रंथांत, ज्यांची नोंद वंशावळींत सांपडली नाहीं, त्यांस याजकपदावरून दूर ठेविल्याचें आहे. मग मत्तयानें प्रभूची वंशावळ कां बरें लिहिली? आणि तींत तामार, राहाब, रूथ व उरीयाची बायको यांस कां घातलें? गाळावयाचें असतें तर हींच गाळलीं असतीं! मत्तयानें त्यांस प्रभूच्या घरांत उजळ माथ्यानें बसविलें.

यावरून आम्हांस एवढेंच दिसतें कीं, मोठेपणासाठीं वंशावळ शोधणें व्यर्थ आहे. उपकार स्मरण्यासाठीं शोधणें योग्य आहे. जमिनीसाठीं वा दाखल्यासाठीं कागद लागला तर तो अवश्य काढावा, पण आहे तसा काढावा. आणि आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगणें अवश्य आहे. त्या तरुणाच्या लाजेचा अर्धा दोष विचारणारांचा होता. एकाच मेजावर प्रभुभोजन घेणारांनीं सोयरिकीच्या वेळीं 'मूळ घराणें' विचारावें, म्हणजे टाकलेली तागडी पुन्हा हातीं धरणें नव्हे काय?

आम्हीं त्या तरुणास म्हटलें, "बाबा, ज्यानें झाडू हातीं धरून मुलाला शाळेंत घातलें, त्याचा हा शब्द आहे. तो आम्ही गाळला, तर त्याचे कष्टच गाळले जातील." तो न बोलतां गेला. चार दिवसांनीं पुन्हा आला आणि पुरा उतारा घेऊन गेला. सोयरीक जुळली कीं नाहीं, हें आम्हांस अद्याप कळलें नाहीं.

असो. वाचकहो, आज रात्रीं घरच्या वडील माणसांजवळ बसा. आजी-पणजीचीं नांवें, त्यांचें गांव, त्यांचें काम, हें सर्व एका वहींत लिहून घ्या. कांहीं गाळूं नका.