विजेची मोटार : सोय आणि पुण्य

एखादी नवी सोय दाराशीं येऊन उभी राहिली म्हणजे सुशिक्षित मनुष्याच्या मनांत दोन प्रश्न एकदम उठतात. ही आपणांस परवडेल काय, हा पहिला. आणि ही घेणें योग्य होईल काय, हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न निराळे असून त्यांचीं उत्तरेंही निराळीं असूं शकतात. परंतु आपण बहुधा त्यांची सरमिसळ करतों. वस्तु परवडत असली कीं ती योग्यही आहे असें मन सांगूं लागतें, आणि परवडत नसली कीं तिच्यांतील दोष एकाएकीं डोळ्यांत भरतात. विजेवर चालणाऱ्या मोटारीविषयीं सध्यां घरोघरीं जो वाद चालला आहे, त्यांत ही सरमिसळ फार झालेली आम्हांस दिसते. ती थोडी निवळावी, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

हा प्रश्न आमच्या दाराशीं आला तो असा. आमच्या जुन्या पेट्रोलच्या मोटारीच्या नोंदणीचीं पंधरा वर्षें यंदा पुरीं होत आहेत. आम्ही राहतों हिंगोलीस आणि शिकवितों तेथून वीस-बावीस किलोमीटरांवरील एका गांवच्या महाविद्यालयांत. हिंगोली जिल्हा १९९९ सालीं परभणीपासून वेगळा झाला. पांच तालुक्यांचा हा लहानसा मुलूख आहे. औंढ्याच्या नागनाथाचें दर्शन, नरसीस नामदेवांच्या जन्मस्थानाची यात्रा, वसमतच्या बाजारांत हळदीचा सौदा, कोर्टकचेरी, दवाखाना आणि लग्नकार्यें, ह्यांतच येथल्या मोटारीचें बहुतेक आयुष्य सरतें. मोठ्या शहरांपासून इतक्या दूरच्या गांवीं विजेच्या मोटारीचें काय काम, असें पुष्कळ जण म्हणतात. आमचेंही प्रथम तेंच मत होतें. मग आम्हीं एक वही घातली आणि तीन महिने रोजचे किलोमीटर तिच्यांत टिपून ठेवले.

त्या वहीनें आमचें मत बदललें. नव्वद दिवसांपैकीं एक्याऐंशी दिवस आमची मोटार साठ किलोमीटरांपलीकडे गेली नव्हती. सात दिवस नांदेड किंवा परभणीस जाऊन संध्याकाळीं परतण्याचे होते. त्यांतला लांबचा पल्ला नांदेडचा, एका बाजूनें सुमारें नव्वद किलोमीटरांचा. उरलेले दोन दिवस पुण्यास जाण्यायेण्याचे. तें अंतर साडेचारशेंच्या आसपास भरतें. आतां घरांतील पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभरांत वीस-बावीस युनिट वीज भरतां येते आणि मध्यम आकाराची विजेची मोटार एका युनिटांत सहा-सात किलोमीटर चालते. म्हणजे रोजची गरज आपण झोपेंत असतांनाच भागते; नांदेडची खेपही आजच्या बहुतेक मध्यम गाड्या एका भरणींत करून येतात. राहतां राहिले पुण्याचे दोन दिवस. त्या दिवशीं वाटेंत तास-दीड तास थांबून जलद यंत्रावर वीज भरावी लागेल, आणि तें यंत्र चालू आहे कीं नाहीं ह्याची आधीं चौकशी करून निघावें लागेल. ही गैरसोय खरी आहे, ती लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु दोन दिवसांच्या भीतीनें अठ्ठ्याऐंशी दिवसांचा निर्णय करावा काय? घरच्या लग्नांत पांचशें पानें उठतात म्हणून रोजच्या वरणासाठीं कोणी लग्नांतलें पातेलें चुलीवर चढवीत नाहीं. मोटार घेतांना मात्र आपण नेमकें तेंच करतों. रोजच्या गरजेचें माप न घेतां वर्षांतून दोनदां येणाऱ्या प्रसंगाचें माप घेतों, आणि त्यालाच व्यवहार म्हणतों.

खर्चाचा हिशेबही असाच साधा आहे. आमची मोटार महिन्यास अकराशें किलोमीटर चालते. लिटरला सोळा किलोमीटर धरले तर सत्तरएक लिटर पेट्रोल लागतें, आणि लिटरचा भाव शंभर रुपयांच्या वर आहे. म्हणजे सात हजारांहून अधिक खर्च झाला. तेवढ्याच अंतरास वीज लागेल सुमारें एकशें साठ युनिट. घरगुती विजेचा चढा दर धरला तरी खर्च दोन हजारांच्या आसपास राहील. महिन्याकाठीं पांच हजार वांचले तर मोटारीची तीनएक लाखांची जादा किंमत पांच वर्षांत भरून निघते. बॅटरी लवकर बाद होईल ही भीति पुष्कळांस असते. तथापि बहुतेक कारखानदार तिची आठ वर्षांची हमी देतात.

ही मोटार कालपरवां निघाली अशी समजूत आहे. तीही खरी नव्हे. मोटारीनें ताशीं शंभर किलोमीटरांचा वेग प्रथम ओलांडला तो १८९९ सालीं, आणि ती मोटार विजेची होती. कामीय जेनात्सी नांवाचा बेल्जियन गृहस्थ ती चालवीत होता. १९०० सालीं अमेरिकेंत तयार झालेल्या मोटारींपैकीं एक-तृतीयांशाहून अधिक विजेच्या होत्या. मग ती मागें कां पडली? पेट्रोल स्वस्त झालें, लांबचे रस्ते झाले, आणि १९१२ सालीं पेट्रोलची मोटार बटणानें सुरू करण्याची युक्ति निघाल्यावर हँडल फिरवून हात मोडून घेण्याचा धोकाही गेला. आपल्याकडे २००१ सालीं बंगळुरांत ‘रेवा’ ही छोटी विजेची गाडी निघाली. तिचें कौतुक झालें, पण ती फारशी पसरली नाहीं. वस्तु केवळ स्वतःच्या गुणांवर टिकत नाहीं, तिच्या भोंवतीं उभ्या असलेल्या व्यवस्थेवर टिकते, हाच ह्या इतिहासाचा बोध आहे.

आणि व्यवस्थेचें नांव काढलें कीं ही मोटार कोणाच्या सोयीची नाहीं, हें स्पष्ट दिसूं लागतें. भाड्याच्या घरांत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या कारकुनास गाडीपर्यंत तार न्यावयास स्वतःची भिंत नाहीं. खेड्यापाड्यांतून उतारू वाहणारा काळी-पिवळीवाला दिवसाकाठीं दोन-अडीचशें किलोमीटर करतो. त्याचा एक तास यंत्रापाशीं गेला तर त्या तासाची मिळकत बुडते. ज्या गांवीं वादळानें एकदां तार तुटली म्हणजे रात्र काळोखांत जाते, तेथल्या माणसानें ह्या गाडीवर भरंवसा कसा ठेवावा? म्हणजे आजच्या घटकेस ही मोटार व्यवहार्य आहे ती कोणास? ज्याचें स्वतःचें घर आहे, अंगणांत जागा आहे, पगार ठरलेला आहे, त्यास. आमच्यासारख्यांस. येथें पहिल्या प्रश्नाचें उत्तर मिळालें. आणि येथूनच दुसरा प्रश्न सुरू होतो.

आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांनीं गेल्या दिवाळींत विजेची मोटार घेतली. गाडी उत्तम आहे. परंतु तेव्हांपासून ते आमच्या गाडीच्या धुराकडे पाहून, एखाद्या सोंवळ्या माणसानें ओंवळ्याकडे पहावें, तसें पाहूं लागले आहेत. "आम्हीं आपला वांटा उचलला, प्रोफेसर, आतां तुमची पाळी," असें ते म्हणतात. हा वांटा केवढा, तें मोजून पहावें. एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे सव्वादोन किलोंहून थोडा अधिक कर्बवायु निघतो. आमच्या सत्तर लिटरांचा तो एकशें साठ किलो होतो. वीज जळतांना दिसत नाहीं, पण देशांतील निम्म्याहून पुष्कळ अधिक वीज अद्यापि कोळशाचीच आहे. युनिटमागें सरासरी सातशें ग्रॅमांच्या आसपास कर्बवायु पडतो. तारांतील गळती धरली तर आमच्या एकशें साठ युनिटांचा कर्बवायु एकशें तीस किलोंच्या घरांत जातो. म्हणजे आमच्या गल्लींतला धूर सगळा गेला हें खरें, पण त्यांतला बराचसा चंद्रपूर, कोराडी, परळी येथल्या धुराड्यांतून वर गेला. हवेच्या हिशेबीं पुण्य जमा झालें तें रुपयांत तीन-चार आण्यांचें.

तीन-चार आणेही कांहीं कमी नव्हेत. शिवाय पेट्रोलची मोटार विकत घेतली त्या दिवशीं जेवढी धुरकट असते, तेवढी ती जन्मभर राहते. विजेची मोटार मात्र, वीज जसजशी सूर्यापासून आणि वाऱ्यापासून येऊं लागेल, तसतशी आपोआप निर्मळ होत जाईल. तिचें खरें आश्वासन हेंच आहे. परंतु आश्वासन म्हणजे फेडलेलें ऋण नव्हे. वीजही कांहीं आकाशांतून फुकट पडत नाहीं. २०१३ च्या दुष्काळांत परळीचें वीजकेंद्र पाण्यावांचून बंद ठेवावें लागलें होतें, हें मराठवाड्यांतील माणसानें तरी विसरूं नये. आपण बटण दाबतों तेव्हां कोठेंतरी कोळसा आणि पाणी, दोन्ही खर्चीं पडतात.

हा सारा हिशेब एके दिवशीं ओसरीवर चालला असतां आमचा एक जुना विद्यार्थी आला. बी. ए. होऊन तो वसमतकडे घरची शेती करतो. पांच एकर हळद आणि थोडा गहू. त्यानें वही पाहिली, वकीलसाहेबांची गाडी पाहिली, आणि हंसून म्हणाला, "गाडी चांगली आहे, सर. तुम्ही झोपतां आणि गाडी वीज पिते. आमच्याकडे वीज रात्रीं येते, म्हणून आम्ही जागतों."

त्याच्या बोलण्यांत टोमणा नव्हता, आणि म्हणूनच तें आम्हांस लागलें. ज्या फीडरवर सौर वीज अजून पोंचलेली नाहीं, तेथें शेतीची थ्री-फेज वीज पाळीपाळीनें येते. कांहीं दिवस दिवसा, कांहीं दिवस रात्रीं. पौषांतल्या थंडींत, बॅटरीच्या उजेडांत, सापाकिरड्याच्या आणि रानडुकरांच्या भीतीनें बारे मोडीत फिरणें काय असतें, तें ज्यानें केलें त्यासच ठाऊक. तो गेल्यावर आम्हीं वहींत आणखी एक ओळ लिहिली. पांच अश्वशक्तीचा पंप आठ तास चालला तर तीसएक युनिट वीज लागते. आमच्या मोटारीची महिन्याची वीज म्हणजे त्याच्या पंपाच्या पांच रात्री.

वकीलसाहेबांस हा हिशेब मान्य झाला नाहीं. ते म्हणाले, "आपण युनिटला दहा-बारा रुपये मोजतों. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचें बिल २०२४ पासून सरकार भरतें. आपल्यासारख्यांच्या पैशांवरच ती वीज चालते. आणि तुम्ही मोटार घेतली नाहीं म्हणून त्याला दिवसा वीज मिळणार आहे थोडीच!" ह्या युक्तिवादांत पुष्कळ तथ्य आहे. आमच्या त्यागानें त्याची एकही रात्र दिवस होणार नाहीं. तथापि त्यांत एक फट आहे. पैशानें युनिटचें मोल फिटतें, वेळेचें फिटत नाहीं. वीज कोणास केव्हां मिळावी हें केवळ दरानें ठरत नाहीं. कोणाची तक्रार ऐकली जाते ह्यावरही तें ठरतें. आमच्या गल्लींतील वीज अर्धा तास गेली तर दहा घरांतून दूरध्वनी जातात आणि माणूस शिडी घेऊन येतो. त्याच्या शिवारांतील डी. पी. जळाली तर लोक वर्गणी काढतात, हेलपाटे घालतात आणि पीक माना टाकीत वाट पाहतें. आम्हीं मोटार घेणें हा त्याच्यावर अन्याय नव्हे. मोटार घेऊन, तिला पुण्य समजून, त्या रात्रींकडे पाठ फिरविणें हा मात्र अन्याय होईल.

जी कृति आपणांस स्वस्त पडते आणि सोयीची असते, तिला त्याग म्हणूं नये. ती खुशाल करावी. पण तिची नोंद सोयीच्या खात्यांत करावी, पुण्याच्या खात्यांत नव्हे. कारण पुण्याच्या खात्यांत एकदां खोटी रक्कम मांडली कीं मनुष्यास खरें देणें आठवत नाहीं. विजेच्या मोटारीचा नैतिक धोका असेल तर तो हाच, आणि हा पेट्रोलच्या मोटारीस नव्हता. तिचा धूर निदान आपल्याच नाकांत जात असे.

आम्ही विजेची मोटार घेणार आहों. ती घेतांना दोन गोष्टी आम्हीं ठरविल्या आहेत. पहिली, होतां होईल तों तिला दिवसाची वीज द्यावयाची. २०२४ पासून घराच्या छपरावरील सौर पट्ट्यांस केंद्र सरकार साहाय्य देतें, आणि तीन किलोवॅटच्या पट्ट्यांतून हिंगोलीच्या उन्हांत दिवसाला दहा-बारा युनिट सहज मिळतात. महाविद्यालयाच्या आवारांत लिंबाखालीं एक सॉकेट मिळावें म्हणून अर्जही केला आहे. दुसरी गोष्ट अवघड आहे. शेतीच्या फीडरांस दिवसा सौर वीज देण्याची योजना राज्यांत २०१७ पासून चालू आहे. ती जेथें पोंचली तेथें रात्रीचें जागरण संपतें. ती आमच्या विद्यार्थ्याच्या शिवारांत केव्हां पोंचणार, हें विचारीत राहणें आमच्यासारख्यांचें काम आहे. कारण आमचा दूरध्वनी उचलला जातो.

आपल्याच पोळीवर तूप ओढूं नये, असें आपण मुलांस शिकवितों. नरसीच्या नामदेवांची कथा तर ह्या जिल्ह्यांतील लहान पोरासही ठाऊक आहे. कुत्र्यानें भाकरी पळविली, तेव्हां भाकरी गेली म्हणून ते रागावले नाहींत. ती कोरडी आहे म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागें धांवले. आमच्या पोळीवर तूप आलें आहे, तें आम्ही खाणार आहों. वाटी हातांत घेऊन धांवण्याचें काम तेवढें अजून राहिलें आहे.